व्हीएसकोडव्हिम: ओपन सोर्समधली पहिली पुल रिक्वेस्ट इथे टाकावी का?

व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये व्हिम या जुन्या, कीबोर्डवरून चालणाऱ्या एडिटरच्या कळा हव्या असल्या की बहुतेक लोक थेट व्हीएसकोडव्हिम हे एक्स्टेंशन (एडिटरला जोडायचा जादा प्रोग्राम) टाकतात. ते वापरायला कसं आहे यावर भरपूर लिहून झालंय. इथे प्रश्न दुसरा आहे. एखाद्याला कोड लिहून ओपन सोर्समध्ये हातभार लावायचाय, टाइपस्क्रिप्ट बऱ्यापैकी येतंय आणि व्हिमच्या कळा बोटांत बसल्यात. अशा माणसाने पहिल्या पुल रिक्वेस्टची (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा या विनंतीची) सुरुवात याच प्रकल्पापासून करावी का? माझ्या मते करावी, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे इथली टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड) लिहिण्याची पद्धत. ती एकदा समजली की बग सांगणं, तो सिद्ध करणं आणि दुरुस्त करणं यांत फार अंतर उरत नाही. तक्रारीच्या जागाही आहेत, त्या पुढे येतीलच.

प्रकल्प गिटहबवर आहे, लायसन्स एमआयटी, भाषा टाइपस्क्रिप्ट. व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टचा असला तरी हे एक्स्टेंशन स्वयंसेवक चालवतात. खरा व्हिम यात चालत नाही; फक्त निओव्हिम (व्हिमवरून निघालेला एडिटर) जोडण्याची ऐच्छिक सोय आहे. व्हिमचं प्रत्येक वागणं टाइपस्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलंय, म्हणून बग पुष्कळ आहेत आणि उघड्या इश्यूंची (नोंदवलेल्या तक्रारींची) संख्या हजाराच्या वर आहे. वापरणाऱ्याला हा आकडा खटकेल. हातभार लावणाऱ्याच्या दृष्टीने यातले कितीतरी इश्यू छोटे, नेमके आणि एका बैठकीत समजणारे आहेत.

दुसरी मोठी सोय म्हणजे बरोबर काय आणि चूक काय हे आधीच ठरलेलं आहे. इतर प्रकल्पांत नवख्याची पुल रिक्वेस्ट 'हे असं असावं का' या चर्चेत अडकून पडते. इथे व्हिममध्ये जे होतं ते बरोबर. टर्मिनलमध्ये व्हिम 'क्लीन' पर्यायासह उघडायचा, म्हणजे तुमच्या व्हिमआरसीचा (स्वतःच्या सेटिंगच्या फाइलचा) परिणाम होत नाही, आणि त्याच कळा दाबून बघायच्या. तुलना निओव्हिमशी करू नका, कारण तिथे काही डीफॉल्ट बदललेले आहेत. निओव्हिम ०.६ पासून मोठा 'वाय' ओळीच्या शेवटापर्यंत कॉपी करतो, व्हिममध्ये तो पूर्ण ओळ कॉपी करतो. हा फरक लक्षात न घेता बग नोंदवला तर तो लगेच बंद होतो आणि सगळ्यांचा वेळ जातो.

व्हिमची मदतपानं नीट वाचायची तयारी मात्र हवी. 'सी डब्ल्यू' (शब्द बदला) हा शब्दावर असताना 'सी ई'सारखा वागतो, म्हणजे पुढची मोकळी जागा खात नाही, आणि हा मुद्दाम ठेवलेला अपवाद आहे. 'डी डब्ल्यू' (शब्द काढा) ओळीतल्या शेवटच्या शब्दावर दाबलं तर पुढची ओळ वर ओढली जात नाही, शब्दाच्या शेवटी थांबतं. त्याहून गमतीचा नियम 'एक्सक्लूझिव्ह' हालचालींचा, म्हणजे शेवटचं अक्षर न धरणाऱ्या कर्सरच्या हालचालींचा, आहे. अशी हालचाल एखाद्या ओळीच्या पहिल्या स्तंभात संपली तर शेवट मागच्या ओळीच्या अखेरीस सरकतो. त्यातही सुरुवात ओळीच्या (मोकळी जागा सोडून) पहिल्या अक्षरावर किंवा त्याआधी असेल तर सगळी क्रिया ओळवार होते. परिच्छेदाच्या सुरुवातीला उभं राहून 'डी' आणि उजवा महिरपी कंस दाबला की पूर्ण ओळी का जातात, त्याचं उत्तर या नियमात आहे. या प्रकल्पातले कितीतरी बग असल्या दोन-तीन वाक्यांच्या नियमांतून निघतात. पुल रिक्वेस्टमध्ये मदतपानाच्या त्या भागाचं नाव दिलं की तपासणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं.

आता सेटअप. लागतं ते एवढंच: ताजा व्हीएस कोड, नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि यार्नची (पॅकेजेस उतरवणाऱ्या प्रोग्रामची) पहिली आवृत्ती. रेपो (कोडचा साठा) आपल्या खात्यात फोर्क करायचा (स्वतःची प्रत घ्यायची), फोर्क क्लोन करायचा (संगणकावर उतरवायचा), त्या फोल्डरमध्ये यार्न इन्स्टॉल चालवायचं आणि फोल्डर व्हीएस कोडमध्ये उघडायचा. डीबगच्या पॅनलमधल्या यादीतून 'बिल्ड, रन एक्स्टेंशन' निवडून एफ ५ दाबलं की बिल्ड होतं आणि दुसरी खिडकी उघडते. तिच्या शीर्षकात 'एक्स्टेंशन डेव्हलपमेंट होस्ट' असं दिसतं. तुमचा बदललेला कोड या खिडकीत चालतो, पहिल्या खिडकीत नाही. ब्रेकपॉइंट (कोड थांबवायच्या जागा) पहिल्या खिडकीत लावायचे आणि कळा दुसरीत दाबायच्या.

नवख्यांचा वेळ इथे ठरावीक ठिकाणीच जातो. सवयीने यार्नऐवजी एनपीएम इन्स्टॉल चालवलं की पॅकेज-लॉक फाइल तयार होते, ती नकळत कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांत) जाते आणि पुल रिक्वेस्टमध्ये हजारो ओळींचा कचरा दिसतो. हा प्रकल्प यार्नच्या लॉक फाइलवर चालतो, म्हणून ती पॅकेज-लॉक फाइल काढूनच टाका. काहीजण रेपोच्या वरचा फोल्डर उघडतात. मग डीबगच्या यादीत काहीच दिसत नाही, कारण लॉन्चची फाइल रेपोच्या मुळाशी असलेल्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये असते. तिसरी अडचण म्हणजे निओव्हिमवर चालणारं दुसरं व्हिम एक्स्टेंशन आधीच टाकलेलं असणं. दोघंही 'टाइप' ही कमांड स्वतःकडे घेऊ पाहतात आणि व्हीएस कोड ती एकालाच देतो. 'टाइप' कमांड आधीच अस्तित्वात आहे असा एरर डेव्हलपमेंट होस्टच्या कन्सोलमध्ये दिसला तर कारण हेच समजा. दुसरं एक्स्टेंशन बंद करून खिडकी रीलोड केली की झालं. मार्केटप्लेसवरून टाकलेलं व्हीएसकोडव्हिम मात्र काढावं लागत नाही. आयडी एकच असल्यामुळे होस्टच्या खिडकीत तुमची प्रत त्याच्या जागी चालते.

'टाइप'बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पूर्ण रचना तिच्याभोवती आहे. एडिटरमध्ये एखादं अक्षर टाइप केलं की व्हीएस कोड 'टाइप' कमांड चालवतो. एक्स्टेंशन ती अडवतं आणि अक्षर मोड हँडलरकडे देतं. मोड हँडलर आतापर्यंत दाबलेल्या कळा आणि चालू मोड (कळा मजकूर लिहितात की आज्ञा देतात ती स्थिती) बघून नोंदवलेल्या क्रियांमध्ये जुळणारी क्रिया शोधतो. एखादी पूर्ण जुळली तर ती चालते. पुढे जुळू शकेल अशी एखादी असेल, जसं एक 'जी' दाबलाय आणि दुसरा यायचाय, तर तो थांबतो. काहीच जुळत नसेल तर साठवलेल्या कळा टाकून देतो. कंट्रोल किंवा एस्केपसारख्या कळा 'टाइप'मधून येत नाहीत. त्या पॅकेज-जेसनमधल्या कीबाइंडिंगच्या यादीतून येतात. कंट्रोलची नवी कळ हवी असेल आणि टाइपस्क्रिप्टमध्ये सगळं बरोबर लिहूनही काहीच होत नसेल, तर ती यादी आधी बघा.

क्रिया तीन जातींच्या. हालचाल असेल तर बेसमूव्हमेंट, 'डी' किंवा 'सी'सारखा ऑपरेटर असेल तर बेसऑपरेटर, बाकी सगळं बेसकमांड. प्रत्येक क्लासवर 'रजिस्टरअ‍ॅक्शन' हा डेकोरेटर (क्लासची नोंद करणारी खूण) असतो, आत कोणत्या मोडमध्ये आणि कोणत्या कळांवर ती चालेल याची दोन फील्ड आणि प्रत्यक्ष काम करणारी एक मेथड. हालचालीचा क्लास नवी जागा परत देतो. ऑपरेटरसोबत तीच हालचाल वेगळी वागत असेल, जसं वर सांगितलेलं 'डी डब्ल्यू', तर त्यासाठी वेगळी मेथड आहे. हा विभाग नीट बेतलेला आहे. एका हालचालीची दुरुस्ती बहुतेक वेळा एकाच क्लासमध्ये संपते आणि इतर काही मोडत नाही.

एक खाचखळगा मात्र कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. डेकोरेटर चालतो तो फाइल कुठूनतरी इम्पोर्ट झाली तरच. नवी क्रिया नव्या फाइलमध्ये लिहिली आणि अ‍ॅक्शन्स फोल्डरमधल्या 'इन्क्लूड-ऑल' किंवा 'इन्क्लूड-प्लगिन्स' या फाइलमध्ये तिचं नाव घातलं नाही, तर कंपायलर तक्रार करत नाही, बिल्डही व्यवस्थित होतं आणि कळ दाबल्यावर शांतता. अशा वेळी कोडमध्ये बग शोधत बसू नका, आधी त्या दोन फाइली उघडा.

आता मुख्य गोष्ट, टेस्ट. एका टेस्टमध्ये चार गोष्टी लागतात: शीर्षक, सुरुवातीचा मजकूर, दाबायच्या कळा आणि शेवटचा मजकूर. मजकूर ओळींच्या यादीच्या रूपात देतात आणि कर्सर कुठे आहे ते उभ्या रेघेने दाखवतात. एक साधी टेस्ट देवनागरीत मांडली तर अशी दिसेल:

सुरुवात: 'वन |टू थ्री'
कळा: 'डीडब्ल्यू'
शेवट: 'वन |थ्री'

इतकंच. मॉक (खऱ्याच्या जागी खोटी वस्तू) नाही, एडिटर उघडण्याचा सोपस्कार नाही, मोडचा हिशेब नाही. हवा असेल तर शेवटचा मोड किंवा त्या टेस्टपुरती सेटिंग जादा देता येते. बग नोंदवणाऱ्या कुणी लिहिलेलं असतं की अमुक ओळीवर कर्सर अमुक ठिकाणी असताना या कळा दाबल्या तर असं होतं. तेच वाक्य इथे जवळजवळ जसंच्या तसं टेस्ट होतं. म्हणून माझा आग्रह असा की दुरुस्तीला हात लावण्याआधी फेल होणारी टेस्ट लिहा. ती लिहिताना अर्ध्या वेळा लक्षात येतं की बग वर्णनात होता तसा नाहीच, किंवा तो एखाद्या सेटिंगवर अवलंबून आहे. आणि दुरुस्ती जमली नाही तरी ती टेस्ट इश्यूवर टाकून ठेवली तर पुढच्या माणसाला तयार पाया मिळतो.

शेवटच्या शब्दावरची टेस्ट लिहून बघा, म्हणजे बारकावा कळेल. सुरुवात दोन ओळींची, पहिली 'वन |टू' आणि दुसरी 'थ्री'. कळा त्याच. अपेक्षित शेवटाची पहिली ओळ 'वन| ', म्हणजे 'वन'नंतर एक मोकळी जागा शिल्लक आणि कर्सर तिच्यावर. दुसरी ओळ जशीच्या तशी. इथे 'वन|' असं लिहिलं आणि शेवटची मोकळी जागा लिहायची राहून गेली तर टेस्ट फेल होते आणि एरर वाचताना दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा दिसतील अशी सेटिंग एडिटरमध्ये चालू ठेवा.

टेस्ट खऱ्या व्हीएस कोडमध्ये चालतात. पहिल्यांदा चालवल्यावर व्हीएस कोडची वेगळी प्रत उतरते, ती शंभर एमबीच्या वर असते, तेव्हा मोबाइल डेटावर असाल तर थांबा. डीबगच्या यादीतून टेस्ट चालवता येतात, किंवा गल्प या ठरलेली कामं चालवणाऱ्या साधनाच्या टेस्ट टास्कने डॉकरमध्ये (बंदिस्त वातावरणात). गल्पला ग्रेप (शोधायचा मजकूर) देऊन फक्त शीर्षक जुळणाऱ्या टेस्ट चालवता येतात, आणि रोजच्या कामात हेच करा. पूर्ण संच हजारो टेस्टचा आहे आणि प्रत्येक टेस्टमागे खरा एडिटर असल्याने त्याला वेळ लागतो. पडदा नसलेल्या लिनक्स सर्व्हरवर डॉकर नको असेल तर एक्सव्हीएफबी (आभासी पडदा) लागेल, नाहीतर व्हीएस कोड सुरूच होणार नाही.

एकच टेस्ट चालवायला 'न्यूटेस्ट'च्या जागी 'न्यूटेस्टओन्ली' लिहिण्याचीही सोय आहे. काम करताना उपयोगी, कमिटमध्ये घातक. ती राहिली तर सीआयवर (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) फक्त तेवढीच टेस्ट चालते, हिरवी खूण दिसते आणि इतर काय मोडलं ते कुणालाच कळत नाही. पुश करण्याआधी बदलांमध्ये 'ओन्ली' हा शब्द शोधणं अंगवळणी पाडा.

एक टेस्ट पुरत नाही, हेही इथे पटकन शिकायला मिळतं. हालचाल दुरुस्त केली असेल तर ती नुसती, आकड्यासह, 'डी' आणि 'सी'सोबत, व्हिज्युअल मोडमध्ये आणि फाइलच्या पहिल्या-शेवटच्या ओळीवर तपासायची. कमांड असेल तर टिंबाने पुन्हा होते का, टिंबाआधी आकडा दिला तर काय, आणि 'यू'ने एका पायरीत मागे जाते का हे बघायचं. शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा सुटतो. हे एक्स्टेंशन अनडूचा इतिहास स्वतः ठेवतं, मजकुरातला फरक काढून. कमांडने मजकूर दोन वेगवेगळ्या टप्प्यांत बदलला तर मध्येच अनडूची पायरी पडू शकते आणि वापरणाऱ्याला 'यू' दोनदा दाबावं लागतं.

मजकूर बदलायचा तर थेट एडिटरच्या 'एडिट'ला हाक मारू नका. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर आहे. त्यात टाकायचं, काढायचं, बदलायचं अशा नोंदी करायच्या आणि एक्स्टेंशन त्या एकत्र चालवतं. कारण मल्टिकर्सर. पाच कर्सर असतील तर क्रिया पाचही जागी चालते, आणि पहिल्या बदलाने पुढच्या चारांच्या जागा सरकतात. ट्रान्सफॉर्मर हा हिशेब बघतो, बदल एकमेकांवर येत असतील तर ते एकामागून एक चालवतो. तसंच, चालू एडिटर व्हीएस कोडच्या विंडो ऑब्जेक्टमधून घेऊ नका, व्हिमस्टेटमधून (एक्स्टेंशनच्या स्वतःच्या स्थितीच्या ऑब्जेक्टमधून) घ्या. वापरणारा कमांड चालू असताना दुसऱ्या टॅबवर गेला तर विंडोचा 'अ‍ॅक्टिव्ह' एडिटर बदललेला असतो आणि बदल भलत्याच फाइलमध्ये जातो.

'अवेट' (काम पुरं होईपर्यंत थांब ही सूचना) विसरणं हा आणखी एक नेहमीचा प्रकार. प्रॉमिस परत देणारी मेथड तशीच सोडून दिली तर तुमच्या वेगवान लॅपटॉपवर टेस्ट पास होते, सीआयवर कधी पास, कधी फेल. सीआय पुन्हा चालवून हिरवा झाला म्हणून पुढे जाऊ नका, 'अवेट' कुठे सुटलाय ते शोधा. विंडोजवरचे ओळशेवट हाही असाच छुपा प्रश्न आहे. तिथे ओळ दोन अक्षरांनी संपते, म्हणून पूर्ण मजकुरात अंतर मोजून जागा काढणारा कोड लिनक्स-मॅकवर बरोबर आणि विंडोजवर प्रत्येक ओळीमागे एकाने चुकतो. ओळ आणि स्तंभ यांवरच काम केलं तर ही भानगड येत नाही. आणि हे एक्स्टेंशन ब्राउझरमधल्या व्हीएस कोडवरही चालतं. तिथे फाइल सिस्टिम किंवा बाहेरची प्रोसेस चालवणारे नोडचे मॉड्यूल नाहीत. म्हणून डेस्कटॉपसाठी आणि वेबसाठी सुरुवातीच्या फाइली वेगळ्या आहेत, आणि नोडवर अवलंबून असलेला कोड प्लॅटफॉर्म फोल्डरमध्ये दोन प्रकारे ठेवलेला आहे. हालचालींच्या फाइलमध्ये सरळ नोडचं मॉड्यूल ओढलं तर वेबचं बिल्ड मोडतं.

नवी सेटिंग घालायची असेल तर ती एका जागी लिहून भागत नाही. पॅकेज-जेसनमध्ये वर्णन आणि डीफॉल्ट, कॉन्फिगरेशनच्या इंटरफेसमध्ये टाइप, कॉन्फिगरेशनच्या क्लासमध्ये किंमत, टेस्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये किंमत आणि रीडमीमध्ये नोंद. टेस्टचं कॉन्फिगरेशन राहिलं तर कंपायलर सांगतो. पॅकेज-जेसन राहिलं तर काहीच सांगितलं जात नाही, सेटिंग्जच्या पानावर ती दिसत नाही एवढंच. ही पुनरावृत्ती मला आवडत नाही. इतक्या वर्षांच्या प्रकल्पात हे एका जागेवरून निघायला हवं होतं.

कोलनच्या कमांडसाठी, म्हणजे सबस्टिट्यूट, सॉर्ट वगैरेंसाठी, पार्सिमन ही पार्सर (मजकुराचे भाग ओळखणारी) लायब्ररी वापरलेली आहे. छोटे पार्सर जोडून मोठा पार्सर बनवण्याची ही पद्धत ओळखीची नसेल तर पहिले काही तास जड जातील. पण एखाद्या कमांडचा राहून गेलेला पर्याय घालणं हे दुसऱ्या-तिसऱ्या पुल रिक्वेस्टसाठी उत्तम काम आहे, कारण पार्सरच्या टेस्ट वेगळ्या, छोट्या आणि चटकन वाचता येणाऱ्या आहेत.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी इथे काम वाट बघत पडलंय. इन्सर्ट मोडमध्ये मराठी लिहून एस्केप दाबला आणि कीबोर्ड मराठीच राहिला, तर 'डी'ची कळ दाबल्यावर एक्स्टेंशनकडे देवनागरी अक्षर पोचतं आणि कोणतीच क्रिया जुळत नाही. यावर 'ऑटो स्विच इनपुट मेथड' नावाचा सेटिंगचा गट आहे: चालू-बंद, नॉर्मल मोडचा कीबोर्ड, सध्याचा कीबोर्ड विचारणारी कमांड आणि बदलणारी कमांड. मॅक आणि विंडोजवर आयएम-सिलेक्ट हा छोटा प्रोग्राम वापरतात. लिनक्सवर आयबस (कीबोर्ड बदलणारी यंत्रणा) असेल तर 'आयबस इंजिन' ही एकच कमांड दोन्ही कामं करते: नुसती चालवली तर सध्याचं इंजिन सांगते, पुढे इंजिनचं नाव दिलं तर बदलते. बदलणाऱ्या कमांडमध्ये नावाच्या जागी महिरपी कंसात 'आयएम' लिहायचं. कमांडचा पूर्ण पाथ द्या. चिन्हावर क्लिक करून उघडलेल्या व्हीएस कोडला तुमच्या शेलचा पाथ माहीत असेलच असं नाही. मॅकवर होमब्रूचा फोल्डर इंटेल आणि अ‍ॅपल चिपवर वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी चिकटवली तर चालत नाही. हे सगळं इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक मराठी कीबोर्ड घेऊन नीट तपासून रीडमीत सुधारणा पाठवणं हे कोड न लिहिता करता येणारं खऱ्या उपयोगाचं काम आहे.

कोडच्या बाजूने देवनागरी आणखी रंजक आहे. व्हीएस कोडच्या एपीआयमध्ये स्तंभ यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीच्या एककांत मोजतात. 'नमस्ते' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजणीत सहा एककं: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा. एखाद्या क्लासमध्ये 'पुढचं अक्षर म्हणजे स्तंभ अधिक एक' असं धरलं असेल तर कर्सर जोडाक्षराच्या पोटात उतरू शकतो. खुद्द व्हिममध्ये याला नियम आहे: 'डेलकम्बाइन' बंद असताना, आणि डीफॉल्ट बंदच असतो, 'एक्स' दाबल्यावर मूळ अक्षर त्याला जोडलेल्या चिन्हांसह जातं. शब्दांच्या सीमांबाबतही व्हिमच्या सोर्समध्ये देवनागरीची दखल आहे. एकेरी आणि दुहेरी दंड तिथे विरामचिन्हांच्या वर्गात टाकलेले आहेत, म्हणून श्लोक किंवा अभंगाच्या ओळीत 'डब्ल्यू' दंडावर थांबतो. हे सगळं वरच्या चार भागांच्या टेस्टमध्ये मांडता येतं. आपल्या लिपीचे असे दहा-बारा नमुने व्हिमशी ताडून टेस्टमध्ये उतरवले, तर या प्रकल्पाला ते इतर कुणाकडून सहजासहजी मिळणार नाहीत.

आता तक्रारी. पुल रिक्वेस्ट तपासणारे लोक मोजके आहेत आणि सगळे फावल्या वेळात काम करतात. छोटी, टेस्टसह आलेली दुरुस्ती लवकर मार्गी लागू शकते, मोठी रिक्वेस्ट महिनोन्‌महिने पडून राहू शकते. त्यावर उपाय एकच: एका रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती. जाता जाता शेजारचा क्लास नीटनेटका करण्याचा मोह आवरा, फॉरमॅटिंग प्रेटिअर या साधनावर सोडा. वर्णनात इश्यूचा क्रमांक 'फिक्सेस' शब्दासह लिहा, म्हणजे मर्ज होताच (मूळ कोडमध्ये सामील होताच) इश्यू आपोआप बंद होतो. स्वतःच्या फोर्कच्या मास्टरवरून रिक्वेस्ट पाठवू नका, प्रत्येक दुरुस्तीला वेगळी ब्रँच काढा. पहिली रिक्वेस्ट पडून असताना दुसरी सुरू करायची वेळ हमखास येते आणि मास्टर वापरला असेल तर दोन्हींचे कमिट एकमेकांत मिसळतात.

दुसरी तक्रार काही फाइलींच्या आकाराची. अ‍ॅक्शन्सची मुख्य फाइल फार मोठी आहे, तिच्यात वरपासून वाचत जाण्यात अर्थ नाही. कळांची यादी शोधून थेट त्या क्लासवर जा. तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर, रीमॅपर (कळांना नवी कामं देणारा कोड) आणि अनडूच्या इतिहासाचा भाग. तिथले इश्यू वाचायला सोपे वाटतात, पण वेळेशी, टाइमआउटशी आणि व्हीएस कोडच्या स्वतःच्या घडामोडींशी गुंतलेले असतात. पहिल्या कामासाठी ते घेऊ नका. हालचाल, टेक्स्ट ऑब्जेक्ट किंवा सराउंडसारख्या आतल्या प्लगिनमधला बग घ्या. सराउंड, ईझीमोशन, स्नीक या जुन्या व्हिम प्लगिनांच्या नकला अ‍ॅक्शन्सच्या प्लगिन्स फोल्डरमध्ये आहेत आणि बऱ्याचशा स्वयंपूर्ण आहेत.

व्हीएस कोडच्या आत खरा निओव्हिम चालवणारं एक्स्टेंशनही आहे, आणि अचूकता हवी असेल तर वापरणाऱ्याने ते जरूर बघावं. हातभार लावणाऱ्यासाठी ते जास्त कठीण. तिथे व्हिमचं वागणं आयतं मिळतं, म्हणून उरलेले बग दोन प्रोग्रामांच्या मधल्या संवादातले असतात: मजकूर दोन्हीकडे सारखा राहणं, कर्सर जुळणं, इन्सर्ट मोडमधून बाहेर पडतानाचा क्रम. टाइपस्क्रिप्टबरोबर लुआही यावी लागते. ओपन सोर्सची ओळख व्हीएसकोडव्हिमवर करून घ्यावी आणि एडिटरच्या आतल्या गोष्टींत रस वाढला तर मग तिकडे जावं.

रिक्वेस्ट मर्ज झाली तरी पुढची आवृत्ती निघेपर्यंत दुरुस्ती मार्केटप्लेसवर येत नाही. तोवर ती रोज वापरायची असेल तर प्रकल्पाच्या पॅकेज कमांडने व्हीएसआयएक्स (एक्स्टेंशन इन्स्टॉल करायची) फाइल बनवा आणि व्हीएस कोडच्या एक्स्टेंशन पॅनलमधून ती फाइल देऊन इन्स्टॉल करा. एक लक्षात ठेवा: व्हीएसआयएक्सवरून टाकलेल्या एक्स्टेंशनचं ऑटो अपडेट व्हीएस कोड आपण होऊन बंद ठेवतो. अधिकृत आवृत्ती आली की एक्स्टेंशनच्या पानावर ते पुन्हा चालू करा, नाहीतर महिनोन्‌महिने जुन्याच बिल्डवर राहाल आणि केव्हाच दुरुस्त झालेले बग पुन्हा नोंदवत बसाल.